कमी पेस

सन १९८६. माझं वय तेव्हा चौतीस. नानांच्या टेम्पोवर मी ड्रायव्हर होतो, आणि त्या उन्हाळ्यात आमची दुधाची लाईन जाते की राहते, अशी वेळ आली होती. ती का आली हे सांगायचं तर आधी नाना कसे होते ते सांगायला पाहिजे.

नाना माझे मालक. सोनगीरच्या पलीकडे आडरस्त्याला त्यांचं गाव. आसपासच्या खेड्यांतलं दूध सकाळ-संध्याकाळ गोळा करायचं आणि धुळ्याच्या डेअरीत नेऊन घालायचं, हा धंदा; या ठरलेल्या फेरीलाच लाईन म्हणायचं. मी मूळचा मुक्ताईनगरकडचा. आमच्या वेळी त्याला एदलाबाद म्हणायचे. केळीच्या गाड्यांवर हात बसला, मग इकडे आलो. शाळा चौथीपर्यंतसुद्धा धड झाली नाही, पण माझ्या हाताखाली गिअरनं आवाज केला असं कुणी आजही सांगून दाखवावं. आमच्याकडची बोली वेगळी, नानांची अहिराणी वेगळी; तिच्यात 'आहे'ला 'शे', 'सगळं'ला 'बठ्ठं'. मी 'मला'ऐवजी 'मले' म्हटलं की नाना 'माले' म्हणून दुरुस्त करायचे, जसा काही मीच चुकलो.

नानांना वेड होतं डिझेलचं. म्हणजे डिझेल न जाळण्याचं. टेम्पोत ते माझ्या शेजारी बसायचे आणि रस्त्याकडे न बघता माझ्या उजव्या पायाकडे बघायचे. पाय जरा दाबला गेला की म्हणायचे, "अरे, त्याना जीव घेस का?" त्याचा म्हणजे टाकीतल्या तेलाचा. उतार लागला की हुकूम, "बंद कर." मग इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, आणि आम्ही वाऱ्याचा आवाज ऐकत खाली. कॅन एकमेकांवर आपटायचे तेवढाच आवाज. एखादं उताराचं टोक सपाटीला लागून पुढे चढ आला की नानांचा चेहरा पडायचा. चढ कुणीतरी मुद्दाम त्यांच्यासाठी करून ठेवलाय, असं ते धरून चालायचे.

गाडी किती किलोमीटर देते त्याला सगळे ॲव्हरेज म्हणतात. नाना 'आवरेज' म्हणायचे, आणि हा शब्द इंग्रजी आहे हे त्यांना पटलंच नाही. "आवरनं, त्यानं आवरेज," असं त्यांचं म्हणणं. "पाय आवर, हात आवर, मंग आवरेज येस. इंग्रजनं आपलं बठ्ठं नेलं, हाऊ शब्द बी नेला." धुळ्याच्या एका मेकॅनिकशी ते यावर अर्धा दिवस भांडले होते. मेकॅनिक शेवटी म्हणाला, "नाना, शब्द तुमचा. आता ब्रेकचं काम करू द्या."

हॉर्नला बंदी होती. हॉर्न वाजवला की बॅटरी जाते, बॅटरी भरायला इंजिन लागतं, इंजिनाला तेल लागतं, असा त्यांचा हिशोब. म्हणून हॉर्नचं काम नाना स्वतः करायचे. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ओरडायचे, "ओ भाऊ, सरक! दूध शे!" आग्रा रोडवरच्या मोठमोठ्या ट्रकवाल्यांनाही ते असंच ओरडायचे, आणि गंमत म्हणजे ते सरकायचे.

चप्पल घरी ठेवून यायचे, वजन कमी व्हावं म्हणून. मला डब्यातली भाकरी निघण्याआधीच खायला लावायचे. एकदा मी म्हटलं, "नाना, भाकर डब्यात काय अन् पोटात काय, वजन तर तेवढंच राहीन ना?" नाना विचारात पडले. सोनगीर मागं पडल्यावर म्हणाले, "पण डबानं वजन वाचनं ना?"

त्यांच्या पोरीसाठी एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीचा, घर पक्कं, माणसं गोड. नानांनी नाही म्हटलं. त्यांची बायको, जिला सगळे अक्का म्हणायचे, तिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यासना घरले जाताना चढ शे. जलमभर पोरले भेटाले चढ चढत जावानं का?" अक्कानं तेव्हा हातातलं लाटणं असं काही खाली ठेवलं की मी अंगणात निघून गेलो. पोरगी शेवटी त्याच घरी गेली. नाना तिला भेटायला सायकलवर जायचे, आणि चढ आला की सायकल हातात धरून चालायचे.

पण एक सांगतो. कंजूष म्हणाल तर तो माणूस कंजूष नव्हता. त्यांच्या घरी शेवभाजी खाल्लेल्यांना विचारा. वर तेलाचा तवंग असा की ताटात आपलं तोंड दिसावं. भरताला तेल सोडताना अक्काचा हात आखडला की नाना ओरडायचे, "सोड अजून!" मी एकदा विचारलंच, "नाना, इथं एवढं तेल चालतं, अन् गाडीतच का जीव जातो?" तर म्हणाले, "पोटमातलं तेल आपला वावरनं शे. टाकीमातलं परमुलूखनं शे. दुसराकडनं मांगेल वस्तू सांभायीसन वापरो."

ते असे का झाले, हे मला अक्कानंच सांगितलं होतं. मी यायच्या आधी एका वर्षी डिझेल मिळेनासं झालं होतं. पंपावर रांगा लागल्या होत्या. नानांचा टेम्पो भरल्या दुधानिशी रस्त्यातच बंद पडला, डिझेल मिळालं नाही, आणि सगळं दूध नाल्यात ओतावं लागलं. लोकांच्या म्हशींचं दूध ते. नाना नाल्याच्या काठावर बसून राहिले होते म्हणे. त्या दिवसापासून टाकी म्हणजे देव.

आता त्या उन्हाळ्याचं. ऊन असं की स्टिअरिंगला फडकं गुंडाळूनच हात लावायचा. गाडी हळू, दर उताराला बंद, आणि दूध तापायचं. डेअरीवर दूध घ्यायला अप्पा उभे असायचे. ते कॅनचं झाकण उघडायचे, नाक खाली न्यायचे आणि बोटानं सांगायचे, आत की बाहेर. त्या महिन्यात आमचे काही कॅन बाहेर राहिले. अप्पांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं, "नाना, माझा तुमच्यावर राग नाही. पण नवी गाडी घेतलेले लोक मागं लागलेत माझ्या. दूध असंच येत राहिलं, तर लाईन मला दुसऱ्याला द्यावी लागेल."

लाईन गेली असती तर माझी नोकरी गेली असती, ते सोडा. मला कुठंही स्टिअरिंग मिळालं असतं. पण नानांना दुसरं काही येतच नव्हतं. शेती भावाकडे, आणि अंगात तर दूध आणि रस्ता एवढंच. मी रोज सांगायचो, "नाना, नवीन गाडी घ्या. कमी पेते अन् पयते बी." नाना म्हणायचे, "जुनीले काय व्हयनं?"

सोनगीरच्या फाट्यावर चहाचं दुकान होतं. दुकानवाला रोज मोठ्यानं पेपर वाचायचा, गिऱ्हाईक ऐको न ऐको. एक दिवस त्यानं वाचलं की कमी इंधन लागणाऱ्या नव्या लहान गाड्यांवरच्या करात सरकारनं सूट दिली आहे. मी मनात म्हटलं, चला, देव पावला. आता नाना गाडी घेतील.

नानांनी बशीतला चहा संपवला आणि उठले. "चाल. कमी पेनारी गाडीले सूट शे. आपली कमी पेस. आपलीले सूट मियाले पाहिजे."

"नाना, नव्या गाड्यांले. तो 'नव्या' म्हने."

"त्याले वाचता येस का?" नाना म्हणाले. स्वतः नाना सहीपुरते शिकलेले. पण तो 'नव्या' शब्द काही त्यांच्या कानात शिरला नाही. सकाळचं दूध डेअरीत उतरवलं आणि तसेच रिकाम्या कॅनांसकट आम्ही आरटीओच्या ऑफिसात गेलो.

खिडकीत एक क्लार्क होता, पुण्याकडून बदली होऊन नुकताच आलेला. नवीनच असणार, कारण अहिराणी ऐकून त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. नानांनी दोन्ही कोपर खिडकीवर टेकले आणि सरळ सांगितलं, "साहेब, मनी गाडी कमी पेस."

क्लार्कनं मान वर केली. "काय? कमी पैसे?"

"हा. कमी पेस. बठ्ठासपेक्षा कमी पेस."

क्लार्कनं इकडं-तिकडं बघितलं. "अहो, हळू बोला! कसले पैसे? तुमच्याकडे इथं कुणी पैसे मागितले?"

"मांगानं काय त्यामा? मी सोता सांगी राह्यनू. पहिले जास्ती, आते कमी पेस."

"म्हणजे आधी जास्त दिलेत?" क्लार्क उभाच राहिला. "कुणाला दिलेत? नाव सांगा!"

नानांनी माझ्याकडे बोट केलं. "हाऊ शे ना. याना हातेच बठ्ठं व्हस."

झालं. सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. रांगेतला एक जण माझ्यापासून चार हात लांब सरकला. क्लार्क लाल होऊन ओरडला, "साहेब, बाहेर या जरा! एजंट घेऊन आलाय हा माणूस, आणि उघड उघड पैशाचं बोलतोय!" नानांना मात्र वाटलं, आपलं म्हणणं यांना पटलं, म्हणून मोठ्या साहेबाला बोलावताहेत. त्यांनी टोपी नीट केली.

साहेब बाहेर आला. तोही देशावरचाच, पण वयानं मोठा आणि तोंड हसरं. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, 'पेस' म्हंजे पिते. गाडी डिझेल कमी पिते, असं म्हणता ते. मी एजंट नाही, ड्रायव्हर हाये."

साहेबाला समजायला क्षणभर लागला. मग तो दाराच्या चौकटीला धरून जो हसत सुटला, तो डोळे पुसत आम्हाला आत घेऊन गेला. क्लार्कलाच चहा सांगायला लावला. त्या घोटाळ्याशिवाय नानांना साहेबाची केबिन दिसली नसती, हे मी शपथेवर सांगतो.

आत साहेबानं नीट समजावून सांगितलं. सूट दिल्लीनं दिली आहे, ती कारखान्यातल्या करावर आहे, गाडी बाहेर पडायच्या आधीच ती किमतीतून वजा होते. आमच्या ऑफिसचा तिच्याशी संबंध नाही. आणि ती नव्या गाड्यांना आहे.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, मी नवी लिधी तर मनी जुनी दुसरा कोनी लई. मंग तेल पेनारी तोंडं दोन व्हयनी का एक?"

साहेब म्हणाला, "दोन."

"अन् मी नवी लिधी नही तर?"

"एक."

"मंग सूट कोनले पाहिजे?"

साहेबानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "बरं, तुमची खरंच कमी पिते का? दाखवा. मी येतो बरोबर." त्याला बायकोसाठी सोनगीरची पितळी घागर घ्यायचीच होती, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या दुपारी डब्यानं मोजून टाकीत डिझेल घातलं आणि आम्ही निघालो. नाना मधे, साहेब खिडकीशी. खिडकी साहेबाला दिली म्हणून नाना साहेबाच्या मांडीवरून वाकून ओरडायचे, "सरक भाऊ, सरक!" जाताना साहेबानं सोनगीरला घागर घेतली. नानांनी ती हातात तोलून बघितली आणि म्हणाले, "साहेब, हाई घागरनं वजन हिशोबमा धरा हं."

खेड्यांतून दूध भरलं आणि परत फिरलो. तेव्हा नानांनी कमाल केली. साहेबाला ॲव्हरेज दाखवायचं म्हणून त्यांनी माझा पाय असा आवरला की गाडी चालते की उभी आहे, कळेना. सोनगीरच्या अलीकडे एक सायकलवाला आमच्या मागच्या फाळक्याला धरून फुकट येत होता. थोड्या वेळानं त्यानं कंटाळून हात सोडला आणि पायडल मारत आमच्या पुढे निघून गेला. जाताना म्हणाला, "नाना, येवो मागून!" मी म्हटलं, "नाना, दूध फाटीन." नाना म्हणाले, "गप. साहेब मोजी राह्यना." साहेब काही मोजत नव्हता. घागर मांडीवर धरून तो झोपला होता.

डेअरीवर पोचलो तेव्हा अप्पा दारातच उभे होते. त्यांनी झाकणं उघडली, नाक खाली नेलं. पहिला कॅन आत. दुसरा आत. तिसऱ्याला बोट बाहेर. चौथ्यालाही बाहेर. मग अप्पा नानांना एवढंच म्हणाले, "नाना, उद्या सकाळचं दूध वेळेवर आणि चांगलं आलं तर आलं. नाही तर परवापासून लाईन दुसऱ्याची."

साहेब जागा होऊन खाली उतरला होता. टाकीत डिझेल किती उरलं, ते आम्ही डबा लावून बघितलं. उरलं होतं, चांगलं उरलं होतं. नाना छाती काढून उभे राहिले. साहेबानं डब्याकडे बघितलं, मग बाहेर ठेवलेल्या कॅनांकडे बघितलं.

"कमी पिते, हे खरं," तो म्हणाला. "पण नाना, सूट आहे ती कमी पिऊन पळणाऱ्या गाडीला. कमी पिऊन झोपणाऱ्या गाडीला सरकार कसं देणार?"

"झोपेल तर तुम्ही व्हतात, साहेब," नाना म्हणाले. साहेब हसला, नमस्कार केला आणि घागर काखेत मारून रिक्षात बसला.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मी ते दोन कॅन अंगणात उतरवले. अक्का बाहेर आली. तिनं झाकण काढलं, वास घेतला, आणि काही न विचारता सगळं ओळखलं. नाना ओट्यावर बसले होते.

"डिझेल वाचनं का?" अक्का म्हणाली.

"वाचनं."

"मंग आते चहामा डिझेल टाकू का?"

मला हसू आलं, पण मी तोंड फिरवलं. अक्का त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही. म्हणाली, "दूध फाटाले नको म्हणीसन तेल वाचाडाले लागनात ना तुम्ही? तो नालाकाठ भूली गयात का?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग ते उठले, फाटलेल्या दुधाचा एक कॅन स्वतः उचलला आणि म्हशीच्या गव्हाणीत ओतला. "इनंच शे, इले देवो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध भरून निघालो तर नाना शेजारी बसले आणि म्हणाले, "आज बंद कराना नही." उतार आला. मी सवयीनं त्यांच्याकडे बघितलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते. डेअरीवर पोचलो तेव्हा अप्पा अजून दातण करत होते. एकेक झाकण उघडून त्यांनी नाक खाली नेलं, आणि एकेक कॅन आत गेला. सगळे आत गेले. मग अप्पांनी नानांच्या हातात स्वतःच्या हातानं चहा दिला.

तिथून नाना मला घरी नेतील असं वाटलं. पण दुकानं उघडेपर्यंत त्यांनी मला डेअरीवरच थांबवलं, आणि मग गाडी वळवायला लावली ती नव्या टेम्पोच्या दुकानाकडे. काचेच्या आत टायवाला विक्रीवाला उभा होता. त्यानं लगेच सुरुवात केली, "या नाना, बसा. या गाडीवर सरकारनं सूट दिलीय, म्हणून तुम्हाला स्वस्तात—"

"सूट काढी टाक," नाना म्हणाले. "पुरी किंमत लाव."

"काय?"

"मनी जुनीले सूट देतस नही. मंग नवीनी बी माले नको."

विक्रीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी वर छताकडे बघितलं. तो म्हणाला, "अहो नाना, ती काढता येत नाही. कारखान्यातूनच वजा होऊन आलीय."

नाना माझ्याकडे वळले. "देख रे. पाहिजे तवय देतस नही. नको तवय काढतस नही." मग त्यांनी विक्रीवाल्याचा हात धरला आणि त्याला बाहेर रस्त्यावर आणलं, आमच्या जुन्या टेम्पोसमोर. "मंग एक काम कर. याले सांग. हाऊ बी कमी पेस."

"पेस म्हणजे?"

मी सांगितलं. आदल्या दिवशीचा अनुभव ताजा होता, म्हणून जरा घाईनंच सांगितलं. विक्रीवाल्यानं टाय सारखा केला, रस्त्यानं जाणाऱ्या लोकांकडे चोरून बघितलं आणि टेम्पोकडे तोंड करून म्हणाला, "हा पण कमी पितो."

"पितो नही. पेस."

"पेस. हा पण कमी पेस."

"मोठा आवाजमा."

तो ओरडला. रस्त्यावरचा भाजीवाला थांबून बघायला लागला. नानांनी मान हलवली आणि खिशात हात घातला. "आते बयाणा ले. अन् चावी दे."

विक्रीवाला म्हणाला, नंबर यायचा आहे, कागद व्हायचे आहेत. पण दाखवायची एक गाडी होती, ती संध्याकाळपर्यंत चालवून बघायला देतो. नानांना तेवढं पुरे होतं. संध्याकाळचं दूध कागदासाठी थांबणार नव्हतं. मी रिकामे कॅन जुन्या टेम्पोतून काढून एकेक करून नव्या गाडीत चढवले, फाळका वर केला, कडी घातली आणि चावी फिरवली.

नाना कान देऊन बसले. मग माझ्या गुडघ्याला हात लावून हळूच विचारलं, "चालू शे का बंद?"

"चालू हाये, नाना," मी म्हटलं, आणि गाडी सोनगीरच्या रस्त्याला लावली.